पुण्यात अर्थशास्त्राची पदवी घेताना : प्रवेशापासून चौथ्या वर्षापर्यंत

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे नात्यातली आणि ओळखीची मुले पालकांसह घरी येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : अर्थशास्त्र घ्यायचे नक्की आहे, तर बी.ए. करावे की बी.एस्सी.? या प्रश्नाचे सरळ उत्तर मी देत नाही, कारण पदवीच्या नावावरून आत काय शिकवले जाते याचा अंदाज फारसा येत नाही. ज्या संस्थेत जायचे मनात आहे तिचा सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून आणा, मग त्यात गणित आणि संख्याशास्त्र किती आहे ते आपण मोजू, असे मी सांगतो. निम्मी मुले त्यानंतर परत येत नाहीत. जी येतात त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून हा लेख तयार झाला आहे. बाहेरगावाहून पुण्यात प्रथमच शिकायला येणारा आणि घरात आधी कोणी अर्थशास्त्र शिकलेले नाही असा विद्यार्थी लिहिताना डोळ्यांसमोर आहे.

आधी संस्थेचा प्रकार ओळखावा

गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर उभे राहून 'बी.ए.चा प्रवेश कुठे मिळतो' असे विचारणारी मुले दरवर्षी दिसतात. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाची बी.ए. पदवी प्रामुख्याने त्याच्या महाविद्यालयांत शिकून मिळवायची असते. गणेशखिंडीच्या आवारातला अर्थशास्त्र विभाग हे मुख्यतः एम.ए. आणि त्यापुढच्या अभ्यासाचे ठिकाण आहे. त्यामुळे प्रवेशासाठी चकरा मारायच्या त्या महाविद्यालयांच्या.

महाविद्यालय संलग्न असेल तर अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यासमंडळ ठरवते आणि सत्राअखेरची लेखी परीक्षा विद्यापीठाच्या नियमांनुसार होते. महाविद्यालय स्वायत्त असेल, उदाहरणार्थ १८८५ साली सुरू झालेले फर्ग्युसन किंवा शिवाजीनगरचे मॉडर्न, तर अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि निकालाचे वेळापत्रक हे सारे महाविद्यालयाचे स्वतःचे असते, परंतु पदवी विद्यापीठाचीच मिळते. अभिमत विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ हे दोन प्रकार यांहून वेगळे आहेत, कारण तेथे शिकवणारी आणि पदवी देणारी संस्था एकच असते. डेक्कन जिमखान्याजवळची गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था आणि सेनापती बापट रस्त्यावर २००८ पासून चालणारे सिंबायोसिसचे अर्थशास्त्र विद्यालय अभिमत गटात येतात, तर लवळ्याचे फ्लेम आणि कोथरूडचे एमआयटी विश्वशांती विद्यापीठ खासगी गटात मोडतात. या चार प्रकारांत शुल्काचा फरक काही पटींचा असू शकतो. तो फरक पेलण्याजोगा आहे का, याची चर्चा अर्ज भरण्याआधीच घरात मोकळेपणाने व्हावी.

वाणिज्य शाखेतही व्यावसायिक अर्थशास्त्र हा विषय असतो, पण तेथे लेखाकर्म आणि कायदा यांना अधिक जागा असल्यामुळे अर्थशास्त्र सोबतीच्या विषयासारखे राहते. पुढे एम.ए. करायचे असल्यास बी.कॉम.नंतरही अनेक ठिकाणी दार उघडे असते, परंतु सिद्धांताचा पाया स्वतःच भरून काढावा लागतो.

अभ्यासक्रम कसा वाचावा

जुन्या पिढीतले लोक 'स्पेशल इकॉनॉमिक्स' आणि 'जनरल' या भाषेत बोलतात. दुसऱ्या वर्षापासून एक विषय स्पेशल घ्यायचा, त्याचे दोन पेपर अधिक असायचे, आणि पदवी त्या विषयाची मानली जायची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात लागू झाल्यावर, म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४ पासून, ही भाषा बदलली. आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) असे शब्द कानावर पडतात आणि सगळा हिशेब क्रेडिटमध्ये होतो. व्याख्यानाच्या पंधरा तासांना एक क्रेडिट असे साधारण माप आहे. त्यामुळे चार क्रेडिटचा पेपर म्हणजे सत्रात साठ तास शिकवणे. पहिल्या वर्षाची ४० ते ४४, तीन वर्षांची मिळून १२० ते १३२ आणि चार वर्षांची १६० ते १७६ क्रेडिट्स अशी चौकट आहे. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथे वर्ष पूर्ण केल्यास ती ऑनर्स होते.

ही चौकट कळली की अभ्यासक्रमाच्या कागदावर पेन्सिल घेऊन बसावे. मेजर या रकान्यात अंशलक्षी अर्थशास्त्राचे किती पेपर आहेत, समग्रलक्षीचे किती, सार्वजनिक आयव्यय (म्हणजे सरकारचा जमाखर्च), आंतरराष्ट्रीय व्यापार, विकासाचे अर्थशास्त्र आणि भारतीय अर्थव्यवस्था यांना किती जागा आहे, हे मोजावे. अंशलक्षी म्हणजे एका ग्राहकाचा, एका उत्पादकाचा, एका बाजारपेठेचा अभ्यास, आणि समग्रलक्षी म्हणजे साऱ्या देशाचे उत्पन्न, रोजगार आणि भावपातळी यांचा. या दोहोंचे किमान दोन-दोन पेपर नसतील तर तो अभ्यासक्रम माहितीवर भर देणारा आहे आणि विचारपद्धतीला त्यात दुय्यम स्थान आहे, असे मी समजतो. नंतर गणितीय पद्धती, संख्याशास्त्र आणि अर्थमिती हे शब्द शोधावेत. अर्थमिती म्हणजे आकडेवारीच्या साह्याने आर्थिक संबंध तपासण्याची रीत, आणि पदवी पातळीवर तिचा निदान एक पूर्ण पेपर असणे हे चांगल्या अभ्यासक्रमाचे लक्षण आहे.

छापलेले सगळे शिकवले जातेच असे नाही. माझ्या पाहण्यातल्या एका महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत अर्थमिती ठळक अक्षरांत होती, आणि तिसऱ्या वर्षी शिक्षक मिळाला नाही म्हणून साऱ्या वर्गाला सहकाराचा पेपर देण्यात आला. सहकार हा वाईट विषय नव्हे, पण मुले ज्यासाठी आली होती ते त्यांना मिळाले नाही. म्हणून प्रवेशाआधी तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून 'मागच्या वर्षी प्रत्यक्षात कोणते पर्यायी पेपर चालले' एवढे विचारावे. कार्यालयापेक्षा कँटीनमध्ये याचे खरे उत्तर लवकर मिळते.

ओपन इलेक्टिव्हकडे बहुतेक विद्यार्थी सोपे गुण मिळवण्याची सोय म्हणून पाहतात, पण इथे एक संधी दडलेली आहे. हा विषय आपल्या मेजरच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे कला शाखेत अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलाला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे जायची मुभा या नियमानेच दिली आहे. तेथे पायाभूत गणित, संख्याशास्त्र, संगणकावर आकडेवारी हाताळणे किंवा लेखाकर्म असा एखादा पेपर उपलब्ध असेल तर तो आधी उचलावा. मायनर म्हणून संख्याशास्त्र किंवा गणित मिळत असेल तर त्याहून उत्तम. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन विषय सारख्याच वजनाने शिकावे लागतात आणि मेजर दुसऱ्या वर्षापासून पक्का होतो. त्यामुळे पहिल्याच वर्षी विषयांचा गट निवडताना अर्थशास्त्राबरोबर काय येते हे पाहिले नाही, तर दुसऱ्या वर्षी मायनर बदलण्याची वाट बंद झालेली असते.

गणिताचा प्रश्न

'मला गणित जमत नाही, म्हणून मी कला शाखेत आलो' असे सांगणाऱ्या मुलांना घाबरवण्याचा माझा हेतू नाही, पण खोटा धीर देणेही बरे नव्हे. गणिताशिवाय अर्थशास्त्राचे पदवीपर्यंतचे शिक्षण पार पडू शकते. त्यापुढचे शिक्षण अवघड होते. गणित नेमके कुठे लागते हे एका साध्या उदाहरणाने पाहू.

समजा, मंडईतला एक विक्रेता कोथिंबिरीची जुडी २० रुपयांना विकतो आणि दिवसात १०० जुड्या खपतात. पावसाने आवक घटली, भाव ३० रुपये झाला आणि खप ८० वर आला. किंमत ५० टक्क्यांनी वाढली, मागणी २० टक्क्यांनी घटली, म्हणून २० ला ५० ने भागून मागणीची लवचिकता ०.४ आली. ती एकाहून कमी आहे, याचा अर्थ मागणी अलवचिक आहे, आणि म्हणूनच भाव वाढूनही विक्रेत्याचा गल्ला २,००० रुपयांवरून २,४०० रुपयांवर गेला. हेच उलट्या बाजूने वाचले की भरघोस पीक आलेल्या वर्षी शेतकऱ्याच्या हाती कमी पैसा का पडतो, याचे उत्तर मिळते. इथवर शाळेतले शेकडेवारीचे गणित पुरते. परंतु आता भाव ३० वरून २० वर उतरला असे धरून तेच गणित करून पाहावे. किंमत ३३.३ टक्क्यांनी घटली, मागणी २५ टक्क्यांनी वाढली आणि लवचिकता ०.७५ आली! बाजार तोच, आकडे तेच, तरी उत्तर वेगळे. कोणत्या टोकापासून मोजले यावर उत्तर अवलंबून राहू नये यासाठी बदल अतिशय लहान घेऊन एका बिंदूपाशी लवचिकता मोजावी लागते, आणि ते काम अवकलन करते. सीमांत खर्च (आणखी एक नग बनवण्याचा खर्च), सीमांत उपयोगिता, महत्तम नफा या सगळ्या कल्पनांच्या मुळाशी हेच अवकलन आहे.

म्हणून निकाल आणि वर्ग सुरू होणे यांच्यामधले आठवडे रिकामे घालवू नयेत. बालभारतीची अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतली फलन, सीमा, अवकलन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता एवढी प्रकरणे रोज तासभर उदाहरणे सोडवत पूर्ण करावीत. ज्याने बारावीला अर्थशास्त्र घेतलेले नाही त्याने त्याच जागी मिळणारे अर्थशास्त्राचे मराठी पुस्तकही एकदा वाचून काढावे, ते दोन-तीन दिवसांचे काम आहे. गणित दहावीनंतर सुटलेले असल्यास पहिले सत्र जड जाते. याच काळात अनेक मुले स्वतःला मंद समजू लागतात, वास्तविक त्यांचा दोन वर्षांचा सराव तेवढा राहिलेला असतो.

मराठी की इंग्रजी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.ए.मध्ये अर्थशास्त्राची उत्तरे मराठीत लिहिता येतात. बी.एस्सी. आणि खासगी संस्थांतले शिक्षण मात्र सामान्यतः इंग्रजीतच असते. मराठी माध्यम घेणाऱ्याने त्याबद्दल संकोच बाळगू नये. विचार ज्या भाषेत पक्का होतो त्या भाषेत लिहिलेले उत्तर अधिक नेमके होते, असा माझा अनुभव आहे. अडचण वेगळीच आहे. मराठीतल्या पारिभाषिक शब्दांत एकवाक्यता नाही. एका पुस्तकात 'अंशलक्षी' असते तर दुसऱ्यात 'सूक्ष्म', एकात 'समग्रलक्षी' तर दुसऱ्यात 'स्थूल'. देशाच्या उत्पादनाला कोणी 'सकल देशांतर्गत उत्पादन' म्हणतो, कोणी 'स्थूल'. चलनवाढ, भाववाढ आणि महागाई हे तीन शब्द तर वर्तमानपत्रांत एकमेकांच्या जागी सर्रास येतात. यावर उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून एक वेगळी वही करावी, डाव्या पानावर मराठी शब्द आणि त्याची पर्यायी रूपे, उजव्या पानावर इंग्रजी शब्द आणि एका वाक्यात व्याख्या. तिसऱ्या वर्षाअखेर ही वही साऱ्या नोट्सपेक्षा मोलाची ठरते, कारण पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांत हेच विषय पुन्हा इंग्रजीतून भेटतात.

बाजारात मिळणारी तयार प्रश्नोत्तरांची मार्गदर्शके, अर्थात गाईड, परीक्षेच्या आदल्या रात्री उपयोगी पडतात हे नाकारण्यात अर्थ नाही, पण आकृतीतला वक्र उजवीकडे का सरकला हे गाईड सांगत नाही. आकृती न बघता काढता येईपर्यंत काढावी आणि मग ती कोणाला तरी तोंडी समजावून सांगावी.

अर्ज आणि कागदपत्रे

अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे प्रवेशपरीक्षेचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात आणि अनेकदा निकालाआधीच बंदही होतात. उदाहरणार्थ, सिंबायोसिसची स्वतःची सामायिक प्रवेशपरीक्षा आहे. 'निकाल लागू दे, मग बघू' म्हणणाऱ्याची ही दारे त्या वर्षापुरती बंद झालेली असतात, म्हणून बारावीच्या डिसेंबरपासूनच संस्थांची संकेतस्थळे पाहत राहावे. बी.ए.साठी प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि गुणवत्ता यादीही वेगळी लागते. एकाच महाविद्यालयावर विसंबू नये.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि छायाचित्रे लागतात. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र मंडळाबाहेरच्या विद्यार्थ्याला स्थलांतर प्रमाणपत्र, आणि मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेवर काढून ठेवावा, कारण शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्या आणि शुल्कसवलती महाडीबीटी या पोर्टलवरूनच मिळतात आणि तेथला अर्ज दरवर्षी नूतनीकृत करावा लागतो. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे पुढच्या वर्षी ती आपोआप येईल, असे समजून अनेकांनी पैसे घालवले आहेत. क्रेडिटची नोंद ठेवणारे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते डिजिलॉकरमधून उघडता येते. त्यातले नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळते याची खात्री करावी.

वर्गाबाहेरचे पुणे

अर्थशास्त्र शिकण्यासाठी या शहरासारखी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, असे माझे पक्षपाती मत आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावरचे आपले प्रसिद्ध व्याख्यान १८९२ साली इथल्याच डेक्कन कॉलेजात दिले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली गोखले संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. केंद्राचे साहाय्य राज्यांना कसे वाटावे याचे १९६९ चे सूत्र आजही त्यांच्याच नावाने शिकवले जाते. याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांक हा निकष धरला होता. दारिद्र्यरेषेचा धडा वर्गात सुरू होईल तेव्हा ही नावे येतील, आणि ती माणसे आपण रोज ज्या रस्त्याने जातो तिथेच काम करत होती हे आठवले तर धडा कोरडा वाटणार नाही. संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानमालेत १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. अशी जाहीर व्याख्याने शहरात वर्षभर होत असतात आणि पहिल्या वर्षातली मुले तिथे क्वचितच दिसतात. सगळे समजले नाही तरी जावे.

घरबसल्या करण्याजोग्या दोन सवयी सांगतो. राज्य शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय अर्थसंकल्पाच्या सुमारास दरवर्षी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी प्रसिद्ध करते. ती मराठीतही असते, तिच्यातला आपल्या जिल्ह्याचा प्रत्येक तक्ता काढून पाहावा. दुसरी सवय रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची. सहा सदस्यांची समिती साधारण दर दोन महिन्यांनी रेपो दर, म्हणजे ती बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो व्याजदर, ठरवते, आणि किंमतवाढ ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्यात, राखणे हे तिचे काम आहे. समितीचे निवेदन वाचून 'दर का बदलला किंवा का बदलला नाही' यावर आपल्या शब्दांत पाच ओळी लिहाव्यात. वर्षात सहा वेळा हे केले की समग्रलक्षीचा अर्धा पेपर अंगवळणी पडतो.

चौथे वर्ष आणि त्याआधीचा निर्णय

हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत व्हायला हवा. स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, कायदा किंवा व्यवस्थापनाकडे जाणाऱ्याने तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्यात काही गैर नाही. अर्थशास्त्रातच राहायचे असेल तर दोन वाटा दिसतात. तीन वर्षांनंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, किंवा चौथे वर्ष करून त्यानंतर एक वर्षाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायची असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. म्हणजे या निर्णयाची तयारी पहिल्या सत्रापासूनच सुरू झालेली असते, मग ते विद्यार्थ्याला ठाऊक असो वा नसो. मार्गदर्शक मिळण्याची खात्री नसेल आणि चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात कसेबसे उरकायचे असेल, तर मी दुसरीकडे दोन वर्षांच्या एम.ए.ला जाण्याचा सल्ला देतो.

बाहेर जायचे तर परीक्षा वेगवेगळ्या आहेत. आयआयटींमधल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीच्या जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. मुंबईला गोरेगावात रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेची स्वतःची परीक्षा आहे. या साऱ्या ठिकाणी कलनशास्त्र (ज्यात अवकलन येते), संभाव्यता आणि मॅट्रिक्स यांची परीक्षा होते, त्यामुळे वर सांगितलेल्या ओपन इलेक्टिव्हचा आणि मायनरचा हिशेब इथे पुरा होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवा परीक्षेलाही पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या बी.ए.वर ती देता येत नाही, हे अनेकांना तिसऱ्या वर्षाअखेर कळते.

तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी प्रकल्पाचा विषय निवडताना 'भारतातील बेरोजगारी' असले आभाळाएवढे मथळे घेऊ नयेत. मार्केट यार्डात कांद्याची रोजची आवक आणि भाव किती होते याचे आकडे जाहीर होतात. एका वर्षाचे ते आकडे तक्त्यात भरावेत, पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे वेगळे करावेत, वरच्या कोथिंबिरीसारखी लवचिकता काढून पाहावी, आणि ती अपेक्षेपेक्षा वेगळी आली तर आकडे पुन्हा तपासण्याआधी यार्डातल्या एखाद्या आडत्याला कारण विचारून यावे.